खालच्या पापणीतले मामंजी

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही यावं, कारण गोष्ट खालच्या पापणीची आहे आणि ती लांबून दिसत नाही. वरच्या पापणीचं सगळ्यांना कौतुक. ती उघडते, मिटते, लाजते, आणि डोळा मारायचा झाला तरी तिलाच विचारावं लागतं. खालची बिचारी घरातल्या थोरल्या जावेसारखी, नुसती धरून असते. डोळ्यातलं पाणी धरते, बुबुळाला खालून टेकू देते आणि सगळ्यांच्या आधी म्हातारी होते. अंगावरचं सगळ्यात पातळ कातडं देवाने तिथे वापरलं. का, ते त्यालाच माहीत. त्याच्या कारागिरीत कुठे कंजूषपणा दिसला तर तिथे काहीतरी लपवलेलं असतं असं धरून चालावं. तर बसा, एका नवऱ्याची गोष्ट सांगायची आहे. आपण नवरा आहोत हेच त्याला काही दिवस घरात पटवून देता येईना. हसू येईल, तेव्हा खुशाल हसा.

सकाळची वेळ होती. पापणीसर टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होते. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलेलं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीररचना शिकवायचे आणि जेवढे तास हृदयाला द्यायचे तेवढेच खालच्या पापणीला. आता निवृत्त होऊन पुष्कळ दिवस झाले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जन्माचा जाड काळ्या चौकटीचा चष्मा नुकताच सुटला होता, आणि त्या मोकळ्या चेहऱ्याची त्यांना अजून सवय व्हायची होती. नाकावर नसलेला चष्मा ते मधूनमधून बोटाने वर सारत. समोर बायको, दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन, चहाच्या कपाभोवती हात गुंडाळून बसली होती. तिने वर पाहिलं. पाहिलं आणि एकदम पाय खाली घेतले, केस सारखे केले, पावाची बशी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाली, “मामंजी, तुम्ही कधी उठलात? मला हाक मारायची.” सरांनी मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता. फ्रिजला कोणी मामंजी म्हणत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं. आणि मग बाकीचंही हळूहळू आलं, जसं पाय बधिर झाल्यावर मुंग्या येतात तसं. तिचा विसर वाढत होता हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी त्यांना वेगळं बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि त्यांनी तिला सांगितलं होतं की वयानुसार होतंच, माझंही होतं. पण विसर म्हणजे किल्ल्या, विसर म्हणजे गॅस, विसर म्हणजे कुठल्यातरी शेजारणीचं नाव. विसराच्या यादीत आपण येऊ हे त्यांनी धरलंच नव्हतं. आणि यादीतून खोडलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. इथे त्यांना उचलून दुसऱ्याच्या जागी बसवलं होतं, तेही स्वतःच्या वडिलांच्या.

“अगं, मी आहे,” ते म्हणाले.

“हो ना, तुम्हीच. चहा गरम करून आणू?”

ती आत गेली तेव्हा त्यांनी लोण्याची सुरी उभी धरून तिच्यात पाहिलं. सुरीत चेहरा अरुंद आणि लांब दिसला, त्यामुळे डोळ्याखालचा भाग आणखीच लोंबला. आणि त्या पात्यात, लोण्याच्या डागाच्या जरा वर, वडील बसले होते. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक उतरतं टेबल, एक दिवा, आणि डोळ्यात बसवलेलं भिंग. हाताने न धरता भिंग डोळ्यात राहतं कसं याचं लहानपणी सरांना अतोनात कुतूहल होतं. दोरी नाही, काडी नाही, चौकट नाही. वरून भुवई खाली येते, खालून गाल वर येतो, मध्ये पापणीचा गोल स्नायू मूठ आवळतो आणि भिंग गपकन बसतं. पुढे आयुष्यभर ज्या स्नायूवर त्यांनी व्याख्यानं दिली त्याची पहिली ओळख ती. भिंग काढलं की वडिलांच्या डोळ्याखाली त्याचा गोल ठसा उमटलेला असे, आणि त्या ठशाखाली दोन पिशव्या, उशीचा अभ्रा सैल झाल्यावर कापूस कोपऱ्यात साठतो तशा. सरांनी सुरी खाली ठेवली. पिशव्यांचं कारण त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. डोळ्याच्या खोबणीत गोळ्याभोवती चरबी असते, गोळ्याची गादीच ती. तिला पुढे येऊ न देणारा एक पातळ पडदा खालच्या पापणीत ताणलेला असतो. वय झालं की पडदा ढिला पडतो, चरबी पुढे येऊन खिडकीत बसते आणि सगळ्या रस्त्याला दिसते. हे कारण ते हजारदा सांगून चुकले होते. पण त्या खिडकीत वडील येऊन बसतील, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

एखाद्या दिवसाचा घोळ असता तर हसून सोडून दिला असता. पण तो घोळ घरात राहायलाच आला. दुपारी सर नेहमीप्रमाणे आपल्या खोलीत आडवे व्हायला गेले तर ती दारात उभी. अतिशय अदबीने, पण दाराच्या चौकटीला हात लावून. “मामंजी, तुमची खोली तिकडे केलीय.” तिकडे म्हणजे अभ्यासिकेत, कोचावर, जिथे फडताळात एक कवटी आणि प्लास्टरचा भलामोठा डोळा होता. त्यांनी आधी समजावलं. मग लग्नातला फोटो काढून दाखवला. तिने फोटोतल्या नवरदेवावर बोट ठेवलं, “हे बघा हे,” आणि बोट तिथेच ठेवून त्यांच्याकडे मान वर केली, “आणि तुम्ही मागच्या रांगेत आहात, मामंजी.” फोटोत मागच्या रांगेत वडील खरोखरच होते, भिंगाचा ठसा घेऊन. एवढ्या पुराव्यापुढे बोलायचं काय? लेक रोज संध्याकाळी कामावरून येताना चक्कर टाकायची. तिने उपाय सुचवला, “बाबा, तुमचा जुना चष्मा घाला की. काच नुसती साधी बसवून घ्या. डोळ्याखालचं झाकलं जाईल.” उपाय सोपा होता म्हणून सरांना तो पटला नाही, पण घातला. बायकोने बराच वेळ निरखून पाहिलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “मामंजी, ह्यांचा चष्मा तुम्ही का घातलाय? ते शोधत बसतील. चष्मा सापडला नाही की घर डोक्यावर घेतात.” लेक तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसू तिथून भांड्यांच्या आवाजासारखं ऐकू येत राहिलं, आणि मग अचानक थांबलं, आणि सरांना कळलं की ती आता हसत नाहीये.

आता या अवस्थेत एक गंमत होती, आणि ती सरांनी कोणाला सांगितली नाही. बायको मामंजींशी बोलायची. दुपारी चहा घेऊन अभ्यासिकेच्या दाराशी यायची, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची, आणि मुलाची तक्रार बापाकडे मांडायची. “तुम्हीच समजवा त्यांना. भाजी घ्यायला नेलं की भाजीवालीच्या डोळ्याखाली बघत उभे राहतात. ती बाई एकदा आपल्या नवऱ्याला बोलवायला गेली होती.” सरांना आठवलं, त्या बाईच्या खालच्या पापणीचा काठ जरा बाहेर उलटलेला होता, डोळा सारखा पाणावत होता, त्यांनी तिला दवाखान्यात जायला सांगितलं होतं आणि ती गेलीही होती. पण हे बोलायचं कोणी? सासऱ्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. “लग्न झालं तेव्हा,” ती चहाच्या वाफेकडे बघत म्हणायची, “आम्ही दोघंच असे पहिल्यांदा बसलो होतो. हे माझ्या डोळ्यांत बघायला लागले. बघतायत, बघतायत. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. बोलले. म्हणाले, तुझ्या पापणीचा बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा चांगला वर आहे, म्हातारपणी त्रास होणार नाही.” सर कोचावर ताठ बसले होते. ती स्तुती होती, त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. माणसाच्या पापणीबद्दल त्याहून चांगलं काही म्हणता येत नाही. बाहेरचा कोपरा म्हणजे दोरीची खुंटी. पापणी ही दोन खुंट्यांना बांधलेली झोळी. बाहेरची खुंटी सैल झाली की झोळी लोंबते, डोळ्याचा पांढरा भाग खाली उघडा पडतो आणि माणूस कायम कुठेतरी आग लागल्यासारखा दिसतो. तुला तसं कधी होणार नाही, मी तुझ्या म्हातारपणापर्यंत बघितलं होतं, असं ते म्हणाले होते. त्यांना तरी तसं वाटलं होतं. पण वडील अशा वेळी काय करायचे ते त्यांना आठवलं. ही नवी सून असताना दुपारी दुकानात जाऊन बसायची, भाजी निवडत, आणि वडील भिंग न काढता, मान न उचलता, चाकाचा दात तपासत, फक्त “हं” म्हणायचे. त्या “हं”मध्ये ना बाजू होती ना सल्ला. घड्याळ ऐकावं तसं ते माणसाला ऐकायचे, नुसतं चालतंय का बघायला.

“हं,” सर म्हणाले.

तिचा चेहरा मोकळा झाला. इतका मोकळा त्यांनी तो वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. आणि तशाच एका दुपारी, बशीतला शेवटचा घोट पिऊन, तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. “मामंजी, एक सांगू? मला हल्ली आठवत नाही. कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते जातं. परवा लेकीचं नाव तोंडातच येईना, तर बाळ म्हणून वेळ मारून नेली. तिला वाटलं मी लाडात आलेय.” ती जरा हसली. “ह्यांना सांगू नका हं. त्यांना वाटतं मला काही कळत नाही. वयानुसार होतंच म्हणतात, आणि म्हणताना कान लाल होतात. ते घाबरतात. बाहेर मोठे प्राध्यापक, पण झोपेत माझा हात चाचपत असतात. सापडला नाही तर जागे होतात. म्हणून मी हात तिकडेच ठेवते.” सरांनी “हं” म्हणायला तोंड उघडलं, पण ते आलं नाही. प्लास्टरचा मोठा डोळा त्यांच्याकडे बघत होता, त्याला पापणी नव्हतीच, त्यामुळे त्याला बघण्यावाचून इलाज नव्हता. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, चहाच्या कपाने गरम झालेला असणार. अंतर एवढंच, हात लांबवला की पोचेल. पण सासरा सुनेचा हात धरत नाही. तिने आता सांगितलेलं सगळं त्या हाताविषयी होतं, आणि तो सोडून घरातल्या कुठल्याही वस्तूला ते हात लावू शकत होते. त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नको. सकाळी उठून त्यांनी ठरवलं की वडिलांना काढायचं.

सर्जनबाई त्यांचीच विद्यार्थिनी. शहरात पापणीच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी तिचं नाव होतं. भिंती फिकट, खुर्च्या खोल, आणि आरसे मात्र कुठेच नाहीत अशी तिची प्रतीक्षाखोली होती. विद्यार्थीदशेत तिने एकदा फळ्यावर खालच्या पापणीचा छेद काढला होता आणि त्यात तिरका स्नायू विसरली होती. हा स्नायू आतल्या आणि मधल्या चरबीच्या गोळ्यांच्या मधून असा जातो, चोरासारखा, आणि चरबी काढताना त्याला धक्का लागला तर डोळा नीट वळत नाही, एकाच्या दोन वस्तू दिसतात. “तुमचा पेशंट,” सर तेव्हा वर्गात म्हणाले होते, “आयुष्यभर दोन-दोन बायका बघेल. त्याला विचारलंत का चालेल का?” आता तिने त्यांची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि म्हणाली, “सर, माझ्याकडे लोक ओळखू येऊ नये म्हणून येतात. ओळखावं म्हणून आलेले तुम्ही पहिलेच.” मग खुर्ची जवळ घेऊन तिने त्यांची खालची पापणी चिमटीत धरली, पुढे ओढली आणि सोडली. तरुण पापणी टपकन जागेवर जाते. सरांची पापणी जरा विचार करून गेली. “हळू आहे,” ती म्हणाली. “बाहेरच्या कोपऱ्याला एक टाका घालून ताणून घ्यावी लागेल, नाहीतर काठ खाली येईल.” “ते मीच शिकवलंय.” “म्हणून तर तुम्हालाच सांगतेय. कातडी बाहेरून कापणार नाही, पापणीच्या आतून जाईन. आणि चरबी काढून टाकणार नाही. खोबणीच्या काठाखाली जो खळगा पडतो त्यात सरकवून पसरून देईन.” सर म्हणाले की आमच्या वेळी काढून टाकायचे. “हो, आणि मग ती माणसं म्हातारपणी तुमच्या फडताळातल्या कवटीसारखी दिसायची.” ती थांबली. “सर, पण विचारायला हवं म्हणून विचारते. एवढं करून त्यांनी नाहीच ओळखलं तर? पापणीची खात्री देते. त्याच्या पलीकडची मला देता येत नाही.” सरांनी नसलेला चष्मा वर सारला. ते म्हणाले की कारण पिशवीत आहे, पिशवी काढा, कारण जाईल. हे अगदी स्वच्छ शास्त्र होतं. म्हणताना आपले कान गरम झालेत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

टेबलावर झोपवून, डोळ्यात भूल घालून, बुबुळावर एक पातळ कवच बसवून तिने सुरुवात केली तेव्हा त्यांना दिसत काहीच नव्हतं, फक्त उजेड, दुधातून बघावं तसा. दुखतही नव्हतं. कोणीतरी शेजारच्या खोलीत कपाट हलवतंय एवढंच. आयुष्यभर ज्या घराचे नकाशे वाटले त्या घरात कोणीतरी शिरलं होतं आणि आपण मात्र बाहेर पायरीवर, असं काहीतरी त्यांना वाटत होतं. सर्जनबाई हलक्या आवाजात बोलत होती, परीक्षा द्यावी तसं. “आतलं अस्तर उघडलं. पापणी खाली ओढणारा पापुद्रा बाजूला घेतला. हा मधला गोळा, पिवळा. आतला, जरा पांढरट.” “तिरका,” सर कापडाखालून म्हणाले. “बघितलाय.” “त्याला चरबी समजू नका.” “सर, बोलू नका, गाल हलतो.” ते गप्प बसले. गप्प बसल्यावर वडील आले. भिंग घातलेले, मान खाली, आणि त्यांच्यासमोर उघडलेल्या घड्याळात आता चाकांच्या जागी पिवळी चरबी होती, लोण्यासारखी. वडील ती चिमट्याने उचलत होते. बाबा, दुखतंय का, सरांनी विचारलं, निदान विचारल्यासारखं वाटलं. वडिलांचे शेवटचे दिवस त्यांना आठवत होते. भिंग डोळ्यात राहीनासं झालं होतं, पुन्हापुन्हा टेबलावर पडायचं, आणि सून ते उचलून पुसून परत द्यायची, जसं काही ते पडणं कामाचाच भाग आहे. मग वडील गेले, दुकान गेलं, ते उतरतं टेबल कोणीतरी नेलं. जगात त्यांची म्हणून जागा उरली नाही असं सर धरून चालले होते. आणि ते इथे होते. डोळ्याच्या खाली, पातळ पडद्याला रेलून, इतकी वर्षं, कधी एकदा मुलाचा चष्मा सुटतोय याची वाट बघत. “आता सरकवते,” सर्जनबाई म्हणाली, आणि हाडाच्या काठावर काहीतरी सैल झालं. “टाकत तर नाही ना?” सरांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “नाही टाकत. अर्धं बोट खाली, बस. तिरका सुखरूप आहे. तुम्हाला दोन बायका दिसणार नाहीत.” “एकीला मी दिसलो तरी पुरे.” “सर, गाल.”

शस्त्रक्रिया छान झाली असं सगळे म्हणाले, फक्त चेहरा ते म्हणायला तयार नव्हता. डोळ्याभोवती सूज, सुजेवर जांभळं, जांभळ्यावर हिरवट पिवळं. लेक त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. बायकोने दार उघडलं आणि दोघांकडे पाहिलं. “कुणाला घेऊन आलीस?” “आई, हे बाबा.” “बाबा असे दिसतात?” तिने लेकीकडे रागाने पाहिलं आणि मग पाहुण्याशी अतिशय मऊपणाने बोलली, “बसा हो. कुणाशी भांडलात?” “कुणाशी नाही.” “सगळे असंच म्हणतात.” सासरेपण गेलं होतं, त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. मामंजी म्हणून निदान कोचावर हक्क होता, आता तो पाहुणचार होता. पण थंड पाण्यात भिजवलेली घडी ती स्वतः आणायची, त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची, कोपरे नीट करायची, परक्या माणसाला जेवढा लावावा तेवढाच हात लावून. एकदा ती घडी बदलताना म्हणाली, “घरी कोणी आहे का तुमची वाट बघणारं?” सर घडीखाली होते. पाण्याचा एक ओघळ कानाकडे गेला. “आहे,” ते म्हणाले. “मग जा ना लवकर. काळजी करत असेल ती.” ती उठून गेल्यावर ते तसेच पडून राहिले. जखम भरलेली असेल नसेल, खालच्या पापणीने त्या वेळी जेवढं पाणी धरायचं तेवढं धरलं, आणि मग तिला झेपेना.

सूज उतरायची ती उतरलीच. सर सारखे लोण्याची सुरी तपासायचे. एका सकाळी तिच्यात एक गुळगुळीत, जरा चकित झालेला, कुठेतरी पाहिल्यासारखा मनुष्य दिसला. ते दाढी करून बाहेर आले. बायको खिडकीशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. कपड्यांवरून मान वर झाली. तिने पाहिलं, आणि तिच्या कपाळाला ती आठी पडली, बरोबर भुवयांच्या मध्ये, जी जगात फक्त एका माणसासाठी राखून ठेवलेली होती.

“कुठे होता इतके दिवस?”

“इथेच,” ते म्हणाले.

“इथेच कसले. तुमचा एक मोजा सापडत नाही, दुसरा मी किती दिवस सांभाळायचा? आणि ती उशी कोचावर कोणी नेली? आणा परत आत.” त्यांनी उशी आणली. दाराच्या चौकटीवर आता तिचा हात नव्हता. पलंगाची आपली बाजू त्यांना थोडी उंच वाटली. सर्जनबाईला फोन करावा, लेकीला करावा, खिडकीतून कुणालाही सांगावं, असं बरंच काही मनात येत होतं, पण ते नुसते काठावर बसून राहिले, पाय लोंबकळत, नवीन गावी आलेल्या मुलासारखे. शास्त्र खरं ठरलं होतं. पिशवी गेली, कारण गेलं. ती घड्या घेऊन आत आली, कपाट उघडलं, आणि उघड्या कपाटासमोर उभी राहिली. उभीच राहिली. मग कपाट तसंच ठेवून वळली.

“मामंजी कुठे गेले हो?”

“गेले,” सर म्हणाले.

“कुठे?”

शास्त्राच्या दृष्टीने त्यांना ते नेमकं माहीत होतं. “जवळच आहेत.”

“मला न सांगता? असे नव्हते ते.” तिने हातातला टॉवेल उलगडला आणि परत घडी घातली. “मला त्यांना सांगायचं होतं.”

“मला सांग.”

“तुम्हाला नाही सांगता येत.”

“का?”

“तुम्ही लगेच कारण सांगता.”

सरांनी तोंड उघडलं. कारण जिभेवर होतं, तीन भागांत, उदाहरणासकट. शिकवण्यात गेलेलं सगळं आयुष्य ओठांच्या आत दाटी करून उभं होतं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. सरांनी मान खाली घातली, उशीच्या अभ्र्याचा निघालेला एक धागा बघितला, आणि म्हणाले,

“हं.”

ती थांबली. टॉवेल पलंगावर ठेवून जवळ आली, त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडात फिरवला, एखादी वस्तू पारखावी तसा. तिचा अंगठा डोळ्याखालून सरकला; तिथे काही नव्हतं. आणखी खाली आला, हाडाच्या काठाखाली, जिथे पूर्वी खळगा असायचा आणि आता भरलेलं, मऊ, जरा गरम काहीतरी होतं. तिथे तो थबकला. “मामंजींसारखं काय करताय,” ती म्हणाली, पण अंगठा काढला नाही. आणि मग तिथेच शेजारी, उघड्या कपाटाकडे पाठ करून बसली, आणि सांगायला लागली. आधी मोज्यांचं. मग कपाटाचं. मग एकदा शेजारच्या बाईला आपण ओळखलंच नाही, त्याचं. मध्येच चाचरली तेव्हा सरांनी हात लांबवला, आणि तिचा हात तिकडेच ठेवलेला होता.

तर ही गोष्ट एवढीच. आता उठा, पण उठताना माझं एक करा. कधी तोंड धुताना डोळ्याखालून पाण्याचा हात फिरला तर त्या घड्याळवाल्या म्हाताऱ्याची आठवण काढा, जो मान न उचलता ऐकायचा. घरात त्याची आठवण ठेवणारी त्याची सून होती, आणि ती आता हळूहळू विसरत चालली आहे. तिच्या वाटची थोडी तुम्ही ठेवा.